डावीकडची तिसरी खिडकी

नाटक कंपनीत तिला नावाने हाक कोणी मारलीच नाही. तोंडात कायम चार टाचण्या आणि बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून, म्हणून सगळ्यांची ती टाचणीबाई. कपडेपटात तिने अडतीस वर्षं काढली. नायकाचं पोट सुटायला लागलं की ते त्याच्या बायकोच्या आधी हिला कळायचं. कोणाला काही न सांगता ती बाजूची शिवण अर्धा इंच सैल करायची, आणि नायक पुढचे पन्नास प्रयोग स्वतःला सडपातळ समजत काढायचा. माणसांना असं सांभाळून घेणाऱ्या बाया रंगमंचाच्या मागे असतात, म्हणून पुढचे लोक ताठ उभे राहतात.

तिचा नवरा त्याच कंपनीत पडदे रंगवायचा. दहा महिन्यांपूर्वी तो गेला. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हातातला चहा न सांडता. टाचणीबाईने पहिल्यांदा कप काढून घेतला आणि मग मुलीला फोन केला.

त्याच्यामागे उरली ती एक कापडी पिशवी. तिच्यात नकाशे, कात्रणं, आगगाड्यांची जुनी वेळापत्रकं, आणि टाचणीबाईच्या अक्षरातल्या तीस हिवाळ्यांच्या याद्या. लोकरी मोजे दोन जोड. कान झाकणारी टोपी. ओठांना लावायचं मलम. डोंगरातल्या त्या सव्वाशे वर्षं जुन्या हॉटेलात जायचं आणि बर्फावर स्की करायची, हा दोघांचा बेत होता. एका नाटकासाठी नवऱ्याने त्या हॉटेलचा पडदा रंगवला होता. लाकडी गॅलऱ्या, घड्याळाचा मनोरा, मागे पांढरे उतार. ऐन जवानीत आपण तिथे एक हिवाळा काढला, पाहुण्यांच्या स्की उचलल्या, रिकाम्या वेळात शिकलोही, असं तो सांगायचा. डावीकडच्या बाजूला वरच्या मजल्यावर तिसरी खिडकी, ती त्याची खोली. सकाळी उठलं की अख्खा उतार पायाशी. "तुला त्याच खोलीत नेणार," दर हिवाळ्यात तो म्हणायचा, आणि दर हिवाळ्यात काहीतरी आडवं यायचं. कधी बर्फ कमी, कधी नवं नाटक, कधी गुडघा.

आता टाचणीबाईने ठरवलं होतं, या हिवाळ्यात जायचंच.

"वय?" मुलीने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"पासष्टच्या पुढे डॉक्टरांचं पत्र लागतं म्हणतायत."

"मग चौसष्ट लिही."

"आई, विम्याचा फॉर्म आहे हा. इथे मेकअप चालत नाही." मुलीने सहासष्ट लिहिलं. "बुटांसाठी पायाची लांबी."

गळ्यातली टेप काढायला टाचणीबाईला कधी शोधाशोध करावी लागली नव्हती. तिने पाय खुर्चीवर ठेवला. "साडेतेवीस सेंटिमीटर. उजवा जरा मोठा आहे. मशीन मारून मारून."

"दोन्ही बूट एकाच मापाचे देतात."

"मग त्यांना शिवणातलं काही कळत नाही."

कोपऱ्यात शिवणाच्या पुतळ्यावर तिचा स्कीचा पोशाख चढवलेला होता. भाड्याचा मिळतो हे मुलीने चारदा सांगून पाहिलं होतं. गडद निळं जाड कापड, आत अस्तर, कोपराला दुहेरी तुकडा. मुलगी उठून त्याच्याभोवती फिरली आणि थांबली.

"आई, हा पाठीमागून उघडतो."

"मग?"

"मग तू घालणार कसा? पाठीवर हात पोचतो का तुझा?"

टाचणीबाई बघतच राहिली. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये पोशाख बदलायला मिनिटभर मिळतं. नटाने नुसते हात पुढे करायचे, मागे उभ्या असलेल्या माणसाने पाठ बंद करायची. सगळी हयात तिने अशाच पाठी शिवल्या होत्या. तिचे स्वतःचे ब्लाउजही मागे हुकांचे, आणि ते लावायला घरात नवरा होता. गेले दहा महिने ती सैल झगे घालत होती, पण झग्यांचं त्याच्या नसण्याशी नातं तिने कधी जोडलं नव्हतं.

"तू लावशील की," ती म्हणाली.

"लावीन," मुलगी म्हणाली, आणि दोघी परत टेबलाशी बसल्या.

हॉटेलला पत्र गेलं. खोली डाव्या बाजूची, वरच्या मजल्यावरची, तिसऱ्या खिडकीची. चार दिवसांनी उत्तर आलं. मुलीने ते आधी मनात वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून टाचणीबाईला कळलं की शिवण कुठेतरी फाटली आहे.

"मोठ्याने वाच."

"आपण म्हणता ती डावीकडची बाजू आम्हाला समजली नाही. हॉटेल बांधल्या दिवसापासून त्या बाजूला इमारत नाही. तिथे दरी आहे. मूळ आराखडा सोबत जोडला आहे. दुसरी खोली चालणार असल्यास शनिवारपर्यंत कळवावे."

"रंगमंचावरचा डावा आणि प्रेक्षकांचा डावा उलटे असतात," टाचणीबाई घाईने म्हणाली. "त्याने नटांच्या बाजूने सांगितलं असेल. उजवीकडे बघ."

मुलीने आराखडा मोठा केला. उजवीकडे सरळ कडा होता.

"बाबांची काहीतरी गल्लत झाली असेल गं."

"एक अख्खा हिवाळा राहिला त्या खोलीत. गल्लत कसली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंपनीच्या गोदामात गेली. गोदाम सांभाळायला एकटे दोरीवाले होते. नवऱ्याचे जिवलग मित्र. पडदे वरखाली करून करून त्यांचे तळहात चामड्यासारखे झाले होते, आणि आता वर ओढायला काही उरलं नव्हतं म्हणून ते घड्या राखत बसत.

"वहिनी, चहा?"

"पडदा काढा, भावजी. हॉटेलचा."

"धूळ आहे फार."

"धूळ मला नवी नाही."

दोरीवाल्यांनी उगीच दोन-तीन भलत्याच घड्या हलवल्या. मग नाइलाजाने खरी काढली. पूर्ण पसरायला जागा नव्हती, डावीकडचा अर्धा भागच जमिनीवर उलगडला. टाचणीबाई चपला काढून कापडावर गेली आणि वरच्या मजल्याच्या तिसऱ्या खिडकीशी गुडघे टेकून बसली. घड्यांवर रंगाचे पोपडे सुटले होते. मनोऱ्याजवळ पोपड्याखाली कोरं कापड दिसत होतं. पण या डाव्या बाजूला, भिंतीच्या आणि खिडकीच्या खाली, दुसराच एक रंग होता. राखाडी, धुक्यासारखा. तिने नखाने जरासं खरवडलं. खाली दरी होती.

"आधी दरी काढली होती त्याने," ती म्हणाली.

दोरीवाले स्टुलावर बसले. "एका कॅलेंडरवरून केला होता पडदा. तालमीच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही काहीतरी बोललात. आठवतं?"

तिला आठवत नव्हतं.

"तुम्ही उजव्या विंगेत उभ्या असायच्या, नायिकेचा कोट घेऊन. तिथून पडद्याची डावीकडची एवढी पट्टीच दिसते. तुम्ही म्हणालात, सगळे हॉटेलात मजा करतात आणि माझ्या वाट्याला नुसतं धुकं. झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही येतो तर तिथे इमारत उभी. खिडक्यांत दिवेसुद्धा."

"आणि?"

"दिग्दर्शक भडकले. म्हणाले, हॉटेलला काय रात्रीत अंकुर फुटला? तर हा शांतपणे म्हणतो, मी राहिलोय तिथे, ती तिसरी खिडकी माझी. एवढं छातीठोक म्हटल्यावर कोण काय बोलणार? तुम्ही तिथेच उभ्या होतात. तोंडातल्या टाचण्या काढून तुम्ही विचारलंत, खरंच?" दोरीवाल्यांनी तळहात एकमेकांवर घासले. "मग त्याला मागे फिरता आलं नाही."

"तो कधीच गेला नव्हता."

"घाटात तिसऱ्या वळणाला त्याला उलटी व्हायची, वहिनी. दौऱ्याच्या गाडीत पुढची सीट त्याच्यासाठी ठेवलेली असायची. तुम्हीच लिंबू घेऊन बसायच्या शेजारी."

हे तर तिला माहीत होतंच. लिंबूही माहीत होतं आणि हॉटेलही. इतकी वर्षं दोन्ही एकाच घरात शेजारी शेजारी ठेवलेली होती, आणि अर्धा इंच इकडेतिकडे झालेलं ओळखणाऱ्या बाईने दोन्हींना कधी एकत्र टाका घातला नव्हता.

"तुम्ही तरी मला सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तो म्हणायचा, पुढच्या वर्षी सांगतो." दोरीवाले हळूच म्हणाले, "पण वहिनी, तुमच्यासाठी केलं हो त्याने."

"तीस वर्षं मी मोज्यांच्या याद्या केल्या, भावजी. तो समोर बसून पेन्सिलीला टोक करून द्यायचा." ती उठली. गुडघ्यांवर राखाडी पूड लागली होती, ती तिने झटकली नाही. "सांगितलं असतं तर मी नुसती हसले असते. मग आम्ही दुसरीकडे कुठेतरी गेलो असतो. सपाटीवर."

दोरीवाले स्टुलावरून उठले. त्यांनी पडद्याची घडी घालायला घेतली, आणि तिने सवयीने दुसरं टोक धरलं.

शनिवारी दुपारी मुलगी आली तेव्हा हॉटेलला नकार कसा लिहायचा हे ठरवूनच आली होती. "जाऊ दे ना आता, आई. जे नाहीच ते बघायला एवढ्या लांब कशाला? त्यापेक्षा माझ्याकडे चल चार दिवस."

"लिही त्यांना. एक खोली. एका माणसाची. गॅलरीच्या अगदी टोकाला, डावीकडे."

"डावीकडे दरी आहे. त्यांनी लिहिलंय."

"वाचलंय मी."

"मग काय बघणार आहेस तिथे?"

"दरी. रंगाखाली बघितली तेवढी पुरत नाही मला."

मुलीची बोटं लॅपटॉपवर थांबली. "एका माणसाची का? मी रजा टाकलीय."

"रजा मागे घे. तू असलीस की मी तुझ्यासमोर बाबांची बाजू घेत बसेन. त्याच्यावर रागवायला मला जरा जागा हवी आहे. दहा महिने मी नुसती रडलेय त्याच्यासाठी, आणि त्या बिचाऱ्याने..." तिने डबीतून टाचण्या काढून ओठांत धरल्या.

"पडलीस तर?"

"शिकाऊ लोकांच्या उतारावर सगळेच पडतात. मास्तर असतो उचलायला," ओठांच्या कोपऱ्यातून उत्तर आलं.

मुलीने मेल लिहून पाठवली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "पोशाख कोण घालून देणार तुला तिथे?"

टाचणीबाई पुतळ्याजवळ खाली बसली. कात्रीचं टोक घालून तिने पाठीवरची हुकांची पट्टी मानेपासून उसवायला घेतली. इतकी पक्की घातली होती की एकेक टाका वेगळा कापावा लागत होता. दोराचे तुकडे मांडीवर गोळा होत गेले. मुलगी समोर बसून तुकडे उचलू लागली. अर्ध्या पाठीपर्यंत आल्यावर टाचणीबाईने हात थांबवला, टाचण्या तळहातावर काढल्या आणि म्हणाली, "त्या खणात लांब चेन आहे बघ, काळी. पुढून लावायची."