रवळूअण्णांचा कॉलम

रवळूअण्णांचं गाव गुंजी, पण तीस वर्षं त्यांचा जीव अडकलाय तो निपाणीजवळच्या आमच्या डिस्टिलरीत, मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या उंच कॉलमपाशी. सकाळचं धुकं उतरलं की ते चौथ्या मजल्यावरच्या जाळीवर बसायचे, कॉलमला कान लावून. खाली मळीचा गोड वास, आत भात रटरटल्यासारखा आवाज, आणि अण्णांचे डोळे मिटलेले. आम्ही त्याला पगारी झोप म्हणायचो. पण झोपेतून उठून अण्णा जे सांगायचे ते खरं निघायचं.

यंदा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसापासून कॉलमचं प्रेशर ठरेना. आकडा चढायचा, पडायचा. त्याच्यामागं व्हॉल्व्ह उघडायचा, मिटायचा, आणि स्पिरिटचा दर्जा घसरायचा. शहापूरच्या विणकर घरातली प्रियदर्शनी ही नवी इंजिनियर. ती म्हणाली, "अण्णा, मीटर खोटं दाखवतंय काय, बघूया की."

अण्णा हसले. "मीटर बरं हाय. तुमी व्हॉल्व्हचं सेटिंग बदललासा, त्यानं बिथरलंय."

अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मॅनेजर साहेबांनी दोष तिच्यावर टाकला, आणि नवव्या दिवशी प्रियदर्शनीला कामावरून कमी करायचं पत्र टाइप झालं. मला साहेबांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर अण्णांचाही.

त्याच सकाळी अण्णा धुक्यात वर गेले. कॉलमच्या माथ्यावरून मीटरकडे जाणारी बोटाएवढी नळी मधेच झोळीसारखी लोंबत होती. त्या खोलगट जागी वाफेचं पाणी साचलेलं. मीटरला खरं प्रेशर कळणार कसं? नळीला सुतळी होती, सुतळीत सुकलेला झेंडू. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा नारळ आणि उसाची मोळी अण्णांनीच तिथं बांधली होती, मोठ्या हौसेनं. त्याच भारानं नळी वाकली होती.

त्यांनी नळी सरळ केली, पाणी सोडलं. आकडा शांत झाला. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. ते खाली आले आणि थेट साहेबांपुढं उभे राहिले.

"नळी माझ्यामुळं वाकली, साहेब. पत्रावर माझं नाव घाला."

"चालू झाला ना कॉलम? फाडून टाकतो पत्र."

"तिचं फाडाच. पर तिचं पत्र काढलासा, तसं माझंबी काढा."

साहेबांनी तिचं पत्र फाडलं आणि नाइलाजानं अण्णांना समज देणारं पत्र काढलं. अण्णांनी उभ्यानंच सही केली आणि बाहेर प्रियदर्शनीसमोर आले.

"तुमी मीटर बघा म्हणालासा. मी ऐकलो न्हाय. पोरीला काय कळतंय म्हणून ऐकलो न्हाय."