गच्चीवरचा गरवा

शिक्षकांच्या मीटिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त बोलू नये, हे वीस वर्षं नोकरी करूनही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. अंधेरीतल्या एका चर्चच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. घरी गणपती बसतो, गौरी येतात; पण वर्षाचे बाकीचे दिवस माझ्यासाठी चर्चच्या चालीने चालतात. राखेच्या बुधवारी अर्धा वर्ग कपाळावर काळा ठिपका घेऊन बसतो. नोव्हेंबरात मुलं आजी-आजोबांच्या कबरी पुसून येतात आणि कोणाची कबर जास्त चकचकीत झाली यावर भांडतात. डिसेंबरात गोठ्यासाठी गवत कुठून आणायचं यावर पुन्हा भांडण. यातलं मला काहीच परकं वाटत नाही.

जूनच्या मीटिंगमध्ये फादरांनी आगेऱ्याचा विषय काढला. आगेरा म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचा, ईस्ट इंडियन लोकांचा, कापणीचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग घरोघरी एकेक लोंबी जाते. अंधेरीत भात कुठून आला, असं कोणीही विचारेल. तर ते एका मावशीच्या शेतातून यायचं. शाळेच्या भिंतीमागे, दोन इमारतींच्या मध्ये, बॅडमिंटनची दोन कोर्टं मावतील एवढा तुकडा. डोक्यावरून विमानं जायची आणि खाली मावशी चिखलात वाकलेली असायची. लग्न होऊन आल्यापासून दर आगेऱ्याला पहिली पेंढी तिच्याच हातात असे.

एप्रिलमध्ये तो तुकडा गेला. जमीन सासरची, पुतण्यांच्या नावावर. त्यांनी ती बिल्डरला दिली. फादर म्हणाले, यंदा लोंब्या सजावटीच्या दुकानातून आणाव्या लागतील, वाळवलेल्या, सोनेरी रंग दिलेल्या मिळतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की मग मी यंदा घरीच बसते.

मला एकदम कसंतरी झालं, आणि कसंतरी झालं की मी बोलते. उभी राहून म्हणाले, ‘‘दुकानातल्या कशाला? गच्चीवर लावू आपण. भात आमच्या रक्तात आहे, फादर.’’

रक्तात होतं की नाही देव जाणे. आजोबा कोकणातून गिरणीत आले, मी जन्मले घाटकोपरला. गावी जायचो ते मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे शेतात नुसती ढेकळं असताना. भाताची लावणी मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती, आणि ते चित्र मीच सातवीला शिकवते.

पण एकदा बोलले म्हटल्यावर मागे फिरणं नाही. मावशीने पुतण्यांना सांगून शेतातली माती उचलायची परवानगी मिळवली. सिमेंट पडायच्या आत आठवीच्या दोन वर्गांनी आणि शाळेच्या माळ्याने ती गोण्यांत भरली, चार जिने चढून गच्चीवर नेली, आणि निळे ड्रम अर्धे कापून केलेल्या टबांत ओतली. मावशी काठी टेकून खाली उभी होती. ऐंशीच्या घरातली बाई, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. जिने चढण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक गोणी जाताना ती बघत होती. मी तिच्याजवळ गेले आणि आगाऊपणे म्हणाले, ‘‘मावशी, आगेऱ्याला याच मातीतली लोंबी तुमच्या हातात देते. शब्द आहे माझा.’’

‘‘बघू गो,’’ ती म्हणाली.

बी मी गावच्या काकांकडून मागवलं. फोनवर सांगितलं, देवाच्या कामाला हवंय, चांगलं पाठवा. त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली. आम्ही बी भिजवलं, मोड आणले, रोपांचा तरवा केला, जुलैत टबांत लावला. मुलं चिखलात अशी रमली, की प्रयोगशाळेत ज्यांना मी रोज ओरडते तीच पोरं मधल्या सुट्टीत डबा गच्चीवर घेऊन जायची. कबुतरांनी मात्र छळलं. मी हातात पट्टी घेऊन त्यांच्यामागे धावायचे. समोरच्या सोसायटीतले लोक खिडकीतून बघायचे, बघू देत. ऑगस्टमध्ये टब असे भरले, की मी रोज एक फोटो काढून फादरांना पाठवत होते. फादर रोज अंगठा पाठवत होते.

आठ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस. त्याआधीचे नऊ दिवस मुलं रोज फुलं आणून तिच्या पुतळ्यापाशी वाहतात. आठ तारखेला मी मुद्दाम एक टब खाली आणवला आणि फुलांच्या बाजूला ठेवला. मिरवायचं होतं मला. प्रार्थना संपल्यावर मावशी आली, टबाशी वाकली, दोन बोटांत भाताचं एक ताट धरून खालून वरपर्यंत दाबत गेली. मग दुसरं. मग म्हणाली, ‘‘छान वाढवलंस.’’ मी फुशारून गेले.

सप्टेंबर सरत आला तरी लोंबीचा पत्ता नव्हता. नुसतं हिरवंगार. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी गच्चीवरूनच काकांना फोन लावला आणि विचारलं, अजून लोंबी का येत नाही.

‘‘आत्ता खयची लोंबी?’’ काका म्हणाले. ‘‘दिवाळी झाल्यार येतली. गरवा भात तो, तेका कसली घाय?’’

‘‘गरवा म्हणजे?’’

कोकणातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याचं त्यांना दुःख झालं असणार. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा. हळवं जाडंभरडं, रोजच्या जेवणाचं. गरवं बारीक, वासाचं. ‘‘देवाच्या कामाक होया म्हणालंस. देवाक काय जाडा भात घालतत?’’

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. काकांवर राग, स्वतःवर त्याहून जास्त. जवळच्या टबातला एक ठोंब धरला आणि मुळासकट उपटून भिंतीवर आपटला. मातीचे शिंतोडे साडीवर उडाले. दुसऱ्याला हात घातला तेव्हा भान आलं. मग तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. आठ दिवसांवर आगेरा होता. ज्या बाईचं शेत गेलं तिला मी माझी जीभ आवरली नाही म्हणून आशेला लावलं होतं, आणि आता तिला चर्चच्या दारात रिकाम्या हाताने उभं करणार होते.

सोमवारपासून मी तोंड लपवायला लागले. मावशीचं घर शाळेच्या वाटेवर. मी लांबच्या गल्लीने यायला लागले. फादरांना फोटो पाठवणं बंद केलं. त्यांनी विचारलं तर म्हणाले, ‘‘सरप्राइज आहे, फादर.’’ खोटं बोलायला लागलं की ते आपोआप वाढत जातं, हे मी मुलांना किती वेळा सांगितलंय. माझा बेत ठरला होता: मनोरीला अजून शेतं आहेत, तिथून पिकलेल्या लोंब्या आणायच्या, शनिवारी टबांत खोचायच्या, रविवारी त्यातल्याच कापल्याचं दाखवायचं. कोणाला कळतंय.

गुरुवारी गांधी जयंतीची सुट्टी होती. सत्य आणि अहिंसेवर मी आदल्याच दिवशी वर्गात भाषण दिलं होतं. मालाडहून रिक्षाने मार्वेला गेले, फेरीने खाडी ओलांडली. पलीकडे चांगला अर्धा तास चालल्यावर भाताचं शेत दिसलं, पिवळं झालेलं, आणि त्यात विळा घेऊन एक बाई. माझ्याच वयाची असेल. मी बांधावरूनच विचारलं, थोड्या लोंब्या मिळतील का, आगेऱ्याला हव्यात.

‘‘कुठून आलात?’’

मी अंधेरी सांगितलं, चर्चचं नाव सांगितलं. तिने विळा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘तुम्ही त्या गच्चीवाल्या टीचर काय?’’

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

‘‘तुमची पेंढी बांधून ठेवलीय घरी. माझ्या आत्याने गेल्या महिन्यात फोन करून सांगितलं. म्हणाली, टीचरने गरवं लावलंय, दिवाळीच्या आधी काय येत नाय. दोन पेंढ्या राखून ठेव, रविवारी सकाळी घेऊन ये.’’ तिने विळा पुन्हा उचलला. ‘‘आणि म्हणाली, टीचरला बोलू नको. ती बिचारी पोरांबरोबर एवढी मेहनत करते. आता मी बोलून बसले.’’

तिची आत्या म्हणजे आमची मावशी. आठ सप्टेंबरला तिने बोटांनी ताटं दाबली ती कौतुकाने नव्हे. लोंबी बाहेर पडायच्या आधी ताट फुगतं, भात पोटरीला येतं. ती फुगवटा शोधत होती. तो नव्हता. माझ्यापेक्षा तीन आठवडे आधी तिला सगळं कळलं होतं, आणि मी दिलेला शब्द तिने गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतला होता.

बांधावर उभ्या उभ्या मला हसू आलं, आणि ते थांबेना. छातीवरून कोणीतरी मातीची गोणी उचलावी तसं वाटलं. लाज वाटली नाही असं नाही, भरपूर वाटली. पण आधी सुटकाच झाली. त्या बाईने मला घरी नेलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि आलाच आहात तर घेऊनच जा म्हणून दोन्ही पेंढ्या माझ्या हातात ठेवल्या. परतताना फेरीत बसायला जागा मिळाली. किती तरी दिवसांनी मला भूक लागली होती.

जेट्टीवरून मी थेट मावशीचं घर गाठलं, नेहमीच्या गल्लीने. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी पेंढ्या तिच्या शेजारी ठेवल्या.

‘‘मनोरीचं आहे,’’ मी म्हणाले. ‘‘आपलं हिरवंच राहिलं. मी हे टबांत खोचून तुम्हाला फसवणार होते.’’

‘‘खोचलेलं उभं राहतं काय? दोन तासांत मान टाकली असती,’’ मावशी म्हणाली. ‘‘रविवारी एक टब खाली आण. हिरवा तर हिरवा. फादरला मी सांगते.’’

रविवारी बँड वाजला. बायकांनी जुनी चौकड्यांची लुगडी नेसली होती. सगळ्यात पुढे मावशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेंढी, आणि तिच्या मागे आठवीच्या चार मुली टब उचलून. मी बाजूने चालत होते, कारण तिला दर पाच पावलांनी माझा खांदा लागत होता. वेदीपाशी फादरांनी सरळ सांगून टाकलं, की पेंढी मनोरीची आहे, टब आपल्या गच्चीचा आहे, त्याला अजून वेळ आहे. लोक हसले. कोणी नावं ठेवली नाहीत. फादरांनी दोन्हींवर पवित्र पाणी शिंपडलं, टबावर जरा जास्तच.

नंतर अंगणातल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. टब समोर होता. लोक लोंबी घ्यायला येत होते आणि मावशी पेंढीतून एकेक काढून देत होती. जरा रिकामं झाल्यावर मी तक्रार केलीच.

‘‘तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, तर मला सांगायचं नाही? पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.’’

‘‘सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सगळं उपटून टाकलं असतंस. तुझा राग काय मला माहीत नाय?’’

उपटलेल्या ठोंबाचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मावशीने हातातली लोंबी मांडीवर ठेवली. ‘‘पंचावन्न वर्षांत आगेऱ्याला माझ्या मातीत काय उभं असलेलं मी बघितलं नाय गो. पेंढीसाठी कापून झालेलं असायचं. नुसती खुंटं. यंदा तर खुंटंपण नसती.’’ तिने टबाकडे हनुवटी केली. ‘‘हे उभं आहे. हे मी कशाला उपटायला देते?’’

माझे डोळे भरले. मावशीने बघितलं आणि दुसरीकडे पाहिलं.

‘‘दिवाळीनंतर कापायला येईल,’’ ती म्हणाली. ‘‘कापणार कोण, तू?’’

‘‘हो.’’

‘‘विळा धरलायस कधी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मला यायला पाहिजे.’’ तिने मान वर करून शाळेच्या गच्चीकडे पाहिलं, मजले मोजल्यासारखं. ‘‘चार जिने ना? सकाळी चढायला लागले तर दुपारपर्यंत पोचेन.’’