बोटांचा वास

दुपारची सुट्टी संपली की रामटेके बाई वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराचा उजवा हात नाकाशी नेत. पाटी-पुस्तक नंतर, आधी बोटं. मासळीचा, अंड्याचा, निदान लसणाची फोडणी दिलेल्या वरणाचा वास आला की पाठीवर थाप. कसलाच वास आला नाही म्हणजे घरी नुसता मीठ-भात. त्या पोराला बाजूला घेऊन बाई पिशवीतलं उकडलेलं अंडं देत. मुर्री या त्यांच्या गावी घरी कोंबड्या होत्या. तिथून एसटीनं त्या गोंदियाकडच्या गोरेगावजवळ आमच्या शाळेत येत.

"गंधक का नुसतं काडीपेटीतच राहते?" त्या चौथीच्या वर्गाला विचारत. मग डोक्यातला एक केस ओढून मेणबत्तीवर धरत. घाण वास सुटे. "पाहा, माह्या केसात हाय. तुमच्या नखात हाय. येते कोठून? अंड्यातून, डाळीतून, मासळीतून, लसणातून. नुसत्या भातावर अंग धरत नाई, बाप्पा."

"मंग आपण पेटत काऊन नाई, बाई?" मी विचारलं होतं.

"तू तर रोजच पेटून राहिला!"

वर्ग खो-खो हसला. मी तेव्हाही तापट होतो, आजही आहे.

माझे वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाई. घरी नुसता भातच असे. पण अंडं घेणारी पोरं मान खाली घालून घेत, ते मला बघवत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी लसणाच्या ढिगाखाली सांडलेल्या पाकळ्या मी वेचून ठेवी आणि वर्गात शिरण्याआधी एक बोटांवर चोळी. बाई वास घेत, क्षणभर माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "जा, बस."

मला त्यांच्या हातून एकही अंडं मिळालं नाही, आणि त्याचा राग मी मनात धरला. फसवणारा मी, राग त्यांच्यावर! पण एवढ्या हुशार बाईला माझे काडीसारखे हात दिसू नयेत? घरी मात्र अधूनमधून अंडं मिळे, ते नशिबानं. शेजारची एक काळी कोंबडी आमच्या माळ्यावर येऊन अंडी घालते, असं आई सांगे. "बोलू नोको कोणाले, नाईतर मागाले येतील." मी कधी बोललो नाही. ती कोंबडी मला एकदाही दिसली नाही. मी शाळेतून येईपर्यंत ती गेलेली असे.

पुढे पोती उचलत उचलत गोंदियात अंडी-लसणाचं दुकान टाकलं. भावात मला कोणी हरवत नाही. "भैया, आदमी हो कि पत्थर?" असं व्यापारी म्हणतात, आणि मला ते आवडतं. बाई निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला माझ्याकडे येत. कोंबड्या पाळणं आता त्यांना झेपत नव्हतं, पण आजूबाजूच्या पोरांना अंडी देणं सुटलं नव्हतं. इतर गिऱ्हाइकांना मी एक-दोन अंडी वरून टाकी. बाईंना कधीच नाही.

"काई वरून टाकशीन का नाई रे?" त्या दर वेळी विचारत.

एकदा मी भडकलोच. "तुम्ही मले कधी काई देलं, बाई? साऱ्या पोराइले अंडं भेटे. मले?"

बाईंनी शांतपणे अंडी पिशवीत लावली. "नाई देलं. खरं हाय," म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पावसाळा संपता संपता कळलं, बाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी अंड्यांचा एक ट्रे घेऊन मुर्रीला गेलो. मोजून तीस, वरून एकही नाही. बाईंनी माझा हात ओढून नाकाशी नेला.

"आता शिजल्या लसणाचा वास येते," त्या हसल्या. "तेव्हा कच्च्याचा ये. मले का फरक कळत नवता?"

"मंग अंडं काऊन नाई देलं?"

"तू घेतलं असतं का?"

मी ट्रे भिंतीशी सरकवला.

"तुह्या मायच्या हाती देत होतो ना. सकाळी एसटीतून उतरलो का भेटे. म्हणे, पोरगं मानी हाय, तुमचं नाव सांगत नाई."

"आन् मंग कोंबडी?"

"कोणती कोंबडी?" बाईंनी विचारलं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर मी कोणाच्या शब्दावर भाव ठरवला नाही, त्या काळ्या कोंबडीवर मात्र मला एकदाही शंका आली नाही.

चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. या वेळी ट्रेवर दोन अंडी वरून ठेवली होती. अंगणात तिरडीभोवती लोक जमले होते, आतून बुद्धवंदनेचे सूर येत होते. कोणीतरी सरकून मला वाट दिली. ट्रे दारातच ठेवला. ती वरची दोन अंडी मात्र कोणाजवळ द्यावी ते कळेना. हातात धरून तसाच उभा राहिलो.