यात्रेच्या दुपारची झोप

मंचरच्या मार्केटबाहेर बटाट्याचा ट्रक उभा होता आणि आई माझ्या पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होती. पिशवीत बाजरीच्या सहा भाकरी, लसणाची चटणी आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली देशीची एक चपटी. ती तिनंच ठेवली होती. "वाटंत झोप न्हाई आली तर घोटभर घे. लई घिऊ नको," ती म्हणाली. जिनं उभ्या जन्मात नवऱ्याला घरात तंबाखू मळू दिली नाही, तिनं लेकाच्या शिदोरीत दारू बांधली. हसू नका. तिच्याजवळ तेवढंच औषध उरलं होतं.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही सांगता की मी इंदूरला कमवायला गेलो. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही दर चैत्रात फोन करून विचारता, "राव, यात्रेला कसा येत न्हाईस?" दोघांनाही एकदाच सांगून टाकतो. मी कमवायला गेलो नव्हतो, पळून गेलो होतो.

आमचं गाव निरगुडसरच्या पुढं, नाव राहू द्या. घरात बैलगाडा शर्यतीचा नाद. बाबा बैलांना दूध-अंडी चारायचे आणि आम्हा पोरांना कोरा चहा पाजायचे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेका गाड्याची बारी सुटायच्या आधी पुढच्या बैलांना चार-पाच गडी धरून ठेवतात; भोंग्यावरून 'भिर्रर्र' झालं की सोडायचं आणि बाजूला उडी मारायची. त्या वर्षीच्या यात्रेत एका बैलाचा कासरा माझ्या हातात होता आणि समोर शिंगाला धरून दत्तू. दत्तू म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावरचा. बैल भोंग्याला बुजला आणि भिर्रर्र व्हायच्या आधीच सुटला. दत्तूला उडी मारायला वेळ मिळाला नाही. मी त्याला उचललं तेव्हा तो गेला होता. सदरा भंडाऱ्यानं पिवळाजर्द झालेला, आणि भोंग्यावरचा माणूस अजून पुढच्या गाड्याचं नाव पुकारत होता.

कासरा मीच आधी सोडला, असं माझ्या मनानं घेतलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, दत्तूची आईसुद्धा नाही. त्यानं तर आत जास्तच पेटायचं.

त्यानंतर झोप गेली. हायवेला ट्रकचा हॉर्न वाजला की मी रस्त्याच्या कडेला खाली बसायचो. हळदीचा वास आला की ओकारी यायची, आणि आपल्याकडं हळदीवाचून कुठलं घर आहे? बाबा म्हणाले, "गड्यानं रडू न्हाई, बैलं हसत्यात." पुढच्या महिन्यात त्यांनी बैलंच विकून टाकली. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, म्हणून अंगारा लावून झाला. आठ दिवस डोळा लागला नाही तेव्हा आईनं शेजारून पेल्यात थोडी आणली. "घे बाळा, झोप लागंल." लागली. मेल्यासारखा झोपलो आणि आई आनंदानं रडली. पुढं पेल्याची बाटली कधी झाली ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

इंदूरला कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी धरली. बटाट्याच्या गोण्या, थंडगार अंधार, मशीनची एकसुरी घरघर. भोंगा नाही, गर्दी नाही, भंडारा नाही. तिथले लोक मला "भिया" म्हणायचे आणि पोह्यांवर शेव-जिलेबी खायचे. सकाळी सकाळी पोह्यांशी जिलेबी खाणाऱ्या गावात आपलं दुःख कुणाला कळणार, असं मला वाटायचं. दिवस बरा जायचा, संध्याकाळी बाटली. आई दर यात्रेनंतर कुणाच्या तरी हाती पुडी पाठवायची. तिच्यात रेवड्या, खोबरं आणि कागदात बांधलेला भंडारा. मी पुड्या न उघडता कपाटावर टाकायचो. फेकायची हिंमत नव्हती, देवाचं होतं.

एकदा गोणीवरून पडलो, सुपरवायझरनं सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथं हाताची थरथर बघून मला ॲडमिट करून घेतलं. दारू अंगातून उतरायचे ते दिवस मी शत्रूवरही ओढवू देणार नाही. नंतर कौन्सेलिंगच्या मॅडम भेटल्या. मला वाटलं, लेक्चर झोडतील. त्यांनी विचारलं, दारू कशासाठी लागते? मी म्हणालो, झोपेसाठी. मग झोप कशानं गेली, हे विचारणारं माणूस मला बारा वर्षांत पहिल्यांदा भेटलं.

मग दर आठवड्याला मी डोळे मिटून ती बारी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. संपलं की मॅडम म्हणायच्या, "फिर से, शुरू से." आधी मी अर्ध्यातून उठून पळायचो. दोनदा तर सरळ गुत्त्यावर गेलो. दोन्ही वेळा परत आलो तेव्हा त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, एवढंच. मी त्यांना बारी म्हणजे काय ते शिकवलं होतं. एकदा त्या म्हणाल्या, तुमच्या अंगाला अजून कळलेलं नाही की ती बारी संपली.

असंच विसाव्या-बाविसाव्या वेळी सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं की कासऱ्यानं हात सोलला. मी थांबलो. उजवा तळवा उघडून बघितला. अजून वण आहे. कासरा मी सोडला असता तर हात सोलला कशाला असता? मी धरून होतो. शेवटपर्यंत धरून होतो. त्या दिवशी मी हमसून हमसून रडलो. बैल हसले असतील तर हसोत.

त्या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे आईची एक पुडी उघडायची. उघडली. ओकारी आली, पण मी बसून राहिलो.

या चैत्रात गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मटण रटरटत होतं, आणि आई दारात उभी राहून जावयांच्यासुद्धा पिशव्या चाचपत होती. "बाटली आसंल तर लिंबाखाली ठिवा. माझ्या घरात न्हाई." मग मला आतल्या खोलीत ओढून नेलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मीच लावली रं तुला."

हे ती इतकी वर्षं एकटी उराशी धरून बसली होती. मी तिला तळवा दाखवला. "याला त्या दिवशी हळद कुणी लावली व्हती?"

"मी."

"तसंच ते, आई. जे जवळ व्हतं ते लावलंस."

ती वणावरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

दुपारी घाटावरून भिर्रर्र ऐकू आलं. मॅडमनी शिकवलं तसं पाय फरशीला टेकवले आणि दिसेल त्या वस्तूचं नाव घेत गेलो. कणगी, कंदील, आईचं लुगडं. मग तिथंच आडवा झालो आणि चक्क झोप लागली, पेल्यावाचून.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला ती दुपार आठवते. जाग आली तरी मी डोळे उघडले नाहीत. बाहेर दहा-दहा भोंगे बोंबलत होते, आणि उंबऱ्यात बसलेली माझी आई पाहुण्यांना दटावत होती, "हळू बोला की. पोरगं झोपलंय."