हिरव्या लेथचं दुखणं

कानसेनाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाजवळ मांडी घालून बसला होता. हातभर लांब लाकडी दांडकं, त्याचं एक टोक पंपावर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. पंप आपली अखेरची इच्छा सांगतोय आणि हा ती मनात टिपून घेतोय, अशी एकूण मुद्रा. भोवती सगळी इमारत श्वास रोखून उभी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर टोपी काढून हातात घेतली होती. माझ्या अंदाजाने अर्ध्या युगानंतर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मागचं बेअरिंग. पुढचं ठीक आहे, त्याला उगाच छळू नका." पंप उघडला, मागचंच निघालं. तेव्हापासून त्याच्यासमोर माझं पोट गुरगुरलं तरी मी खोकून आवाज लपवतो.

त्याचं खरं काम कातारीचं. फर्निचरच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातले. "अर्धं शहर माझ्या पायांवर बसलंय," हा त्याचा लाडका विनोद. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तो इतक्यांदा ऐकला होता की तो तोंड उघडायच्या आतच त्या हसून मोकळ्या होत. मग कारखान्यात एका वेळी सहा पाय कातणारं आणि चहा न पिणारं यंत्र आलं, आणि कानसेन घरी आला. छप्पन्नाव्या वर्षी त्याला एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या लेथवर स्वतःचं काम. ओळखीच्या एका कंत्राटदाराने जिन्याच्या कठड्यासाठी चाळीस लाकडी दांडे हवेत म्हणून सांगितलं. आधी चार नमुने दाखव, पसंत पडले तर पुढच्या तीन इमारतींचे जिनेही तुझेच.

झालं. जुना लेथ आला. नवरदेवासारखा नटलेला, ताज्या हिरव्या रंगाचा. वहिनींनी त्याला पुढची खोली दिली आणि आपलं शिलाई मशीन स्वयंपाकघरात नेलं. आता त्या शेगडीकडे पाठ करून कपडे शिवत आणि दूध उतू गेलं की लेथला बोल लावत.

पहिल्याच दिवशी त्याने बटण दाबलं. लेथ आधी गुणगुणला, पण वेग वाढला तसा घशात बी अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज करू लागला. गुर्र... टक. गुर्र... टक. नुसत्या आवाजाचं चाललं असतं. पण त्या टकबरोबर लाकूड थरथरायचं आणि कातलेल्या दांड्यावर बारीक लाटा उमटायच्या. असा दांडा कुणी जिन्याला लावत नाही.

कानसेनाने दांडकं कानाला लावलं. मोटरपाशी ऐकलं, पट्ट्यापाशी ऐकलं, लाकूड पकडतात त्या डोक्याखाली ऐकलं. तिथे जरा जास्तच रेंगाळला. मग म्हणाला, "पट्टा."

पट्टा बदलला. टक कायम. पट्टा काढून नुसती मोटर फिरवली, तर ती देवमाणसासारखी शांत. म्हणजे दोष मोटरचा नव्हे. बेअरिंग बदललं. टक कायम. पुलीचा स्क्रू आवळला. फरशी वाकडी असेल म्हणून लेथच्या पायांखाली रबर घातलं. मीही माझं ज्ञान पाजळलं.

"तेल घालून पाहिलंस का?"

"भाऊ, तुम्ही आधी सायकलला घाला. ती चौकात वाजली की ही इथे तुमच्यासाठी चहा टाकते."

त्याचा साडू वेल्डर. तो रोज संध्याकाळी येऊन मीठ चोळून जाई. "गल्लीतले पंप बरे करतोस आणि घरचा म्हातारा खोकतोय."

"घरच्यांचं निदान उशिरा होतं."

"उशिरा म्हणजे किती? शुक्रवारी कंत्राटदार येतोय."

एव्हाना तीन आठवडे झाले होते. कानसेन पायांचा विनोद करायचा थांबला, आणि वहिनींचं तयार ठेवलेलं हसू तसंच पडून राहिलं.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभा होतो. लेथ बंद होता, कानसेन कोपऱ्यात पटाशीला धार लावत होता आणि वहिनी लाकडाच्या ढलप्या झाडत होत्या. झाडता झाडता त्यांनी पाना उचलला आणि, बाजारात मडकं वाजवून बघावं तसा, लेथच्या बिडाच्या पायावर आपटला. एकदा या टोकाला, एकदा त्या.

"इथे ठण्ण वाजतंय," त्या म्हणाल्या, "आणि इथे बद्द."

कानसेनाने मान वर केली नाही. वहिनींनी सुरी आणून डोक्याखालचा हिरवा रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी निघाली. पुट्टीखाली केसाएवढा तडा, बिडात आरपार गेलेला.

"अहो, हे बघितलंत का?"

"ऐकलंय."

"कधी?"

"पहिल्या दिवशी."

वहिनी तिथेच ढलप्यांत बसल्या. "मग ते पट्टा, बेअरिंग, रबर?"

"पट्टा बदलता येतो," तो म्हणाला. "बेअरिंग बदलता येतं."

एरवी मला मयतीलाही विनोद सुचतात. त्या दुपारी मी वहिनींची केरसुणी उचलून उरलेल्या ढलप्या झाडल्या.

संध्याकाळी साडू सामान घेऊन आला. बिडाला वेल्डिंग सहसा धरत नाही, हे साडूला, कानसेनाला आणि वहिनींनाही ठाऊक होतं. तरी त्याने पाया तापवला, एकही टोमणा न मारता तडा भरला आणि हळूहळू निवावा म्हणून राखेत झाकून ठेवला. सकाळी राख काढत असताना आतून बोट मोडल्यासारखा आवाज आला. तो ऐकायला दांडकं लागलं नाही. माझ्यासारख्या बहिऱ्यालाही कळला. तडा वीतभर पुढे गेला होता.

"सरकला," साडू म्हणाला.

"हं," कानसेन म्हणाला, आणि राख भरायला सूप शोधू लागला.

शुक्रवारी कंत्राटदार आला. भला माणूस होता. चारही नमुने त्याने खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले, त्यांच्यावरून बोट फिरवलं. कानसेनाने दोन दिवस पॉलिश पेपर घासला होता, तरी बोटाला जे लागायचं ते लागलंच.

"हात चांगला आहे तुमचा. पण लाटा आहेत."

"आहेत."

तड्याचं सांगायला मी तोंड उघडलं. कानसेनाने मला हातानेच गप्प केलं.

"राहू द्या भाऊ. ते मशीन बघायला आलेले नाहीत, दांडे बघायला आलेत."

पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याने तड्यावरच घण घातला आणि लेथ दोन तुकडे करून नेला. जिन्याच्या कठड्याला स्टीलचे पाइप बसले.