एकसारखी तीन पानं

आधी नेहादीदीचं नाव घेतो. फिजिक्समध्ये पीएचडी करणारी. मग माझं सांगतो.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. आता ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात एका बाइंडिंगच्या दुकानात थिसिस बांधतो.

त्या दिवशी दीदीच्या सरांनी मला विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत बोलावलं आणि मी बांधलेला तिचा थिसिस माझ्यापुढं आपटला. "यातली दोन पानं कुठं गेली?"

मी काढली होती. पोरं घाईत एकच पान दोनदा छापून आणतात. दुबार पान काढायचं, ही आमच्या धंद्याची रीत. चित्रांच्या तीन पानांवर पानाचे आकडे नव्हते. तिन्हींवर तसलेच काळेपांढरे डाग.

सर इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. दोन वर्षांत माझ्याशी मराठीत बोललेला पहिला माणूस.

"आठवी ना तू? आणि विज्ञान दुरुस्त करतोस?"

खोलीतली पीएचडीची पोरं हसली. सरांनीच माफीनामा लिहिला : मी अडाणी असल्याने चूक झाली. "सही येते, की अंगठा?"

मला सही येते. चांगली येते. तरी अंगठा दिला. नोकरी जाईल ही भीती.

दीदी म्हणाली, "सर, गलती मेरी है. नंबर मैंने नहीं डाले."

मी शाईचं बोट पँटीला पुसत उभा.

दुकानातल्या रद्दीतून पानं शोधून आणली. दीदीनं मला जिन्यावर बसवलं. "देखो भैया." लोखंडात बारीक बारीक चुंबकं असतात. काळं म्हणजे वर तोंड, पांढरं म्हणजे खाली. चित्रातल्या नऊ चौकोनी घरांचा एक गट करायचा, ज्या रंगाची घरं जास्त तो रंग गटाला. मग त्या गटांचे पुन्हा गट. एकच लोखंड लांबलांबून बघितल्यासारखं, म्हणून पानं तीन. लोखंड गार असेल तर शेवटी सगळं एकाच रंगाचं होतं. फार तापलं असेल तर तीळतांदूळ कालवल्यासारखं, डागच उरत नाहीत. फक्त मधल्या एका तापमानाला, चुंबकपण जायला टेकलेलं असतं तिथं, कितीही लांब जा, डागांचं वळण तेच राहतं.

"यही तो मेरी पूरी थीसिस है."

आणि तेच मी रद्दीत टाकलं होतं. पानं डोळ्यांजवळ धरली. एकही डाग जागेवर जुळत नव्हता. मी नीट बघितलंच नव्हतं.

"समझ गए? एम.एससी. वालों को दो बार समझाना पड़ता है."

संध्याकाळी थिसिस नव्यानं बांधून सरांपुढं ठेवला.

"चूक माझी, सर. ती माझ्या हातानं लिहितो, सही करतो. तो कागद परत द्या."

"नाही दिला तर?"

"इथंच उभा राहतो."

राहिलो. शिपाई कुलूप घेऊन आला. तेव्हा सरांनी कागद जमिनीवर भिरकावला. मी वाकून उचलला. वाकलो, हेही लिहितो.

तो अंगठा पाकिटात आहे. बघितला की अजून कान तापतात. तापू देत. दहावीचा फॉर्म बाहेरून भरलाय. खाली सही आहे. यापुढं अंगठा कुठंच नाही.

दीदी, त्या खोलीत तुम्ही माझ्यासाठी बोललात, मी गप्प राहिलो. एक दिवस तुमच्यासाठी मी बोलेन. सगळ्यांसमोर, मान वर करून.