गयासभाऊचा कटोरा

आमच्या दर्यापुरात बोअरचं पानी तोंडात धरवत नाही, इतकं खारं. खारपाणपट्टा म्हन्तात याले. तुरीची डाळसुद्धा त्या पान्यात धड शिजत नाही. आता घरोघरी पान्याचे क्यान येतात. पन मी भागीरथा, गयासभाऊच्या भितीले भीत लागून सारी जिंदगी काढली, मले अजून पखालीचंच पानी आठवते.

गयासुद्दीनचं घरानं भिस्त्याचं. जवानीत थो बापासंग हल्याच्या पाठीवर चामड्याची पखाल लादून गोड्या विहिरीचं पानी आने, अन् दारोदार पितळी कटोरा वाजवे. चामड्यातून पानी जरासं पाझरे, म्हनूनच आतलं थंड राहे. काय चव होती बाप्पा त्याले. आता फ्रीजच्या पान्यानं नुसते दात शिवशिवतात. भिस्त्याच्या घरी एकच कायदा: मांगनाऱ्याले पानी नाही म्हनाचं नाही. कोनीही येवो, कटोरा भरूनच द्याचा.

पखाल गेली, तं गयासभाऊनं पान्याचा प्लांट टाकला. मी इचारलं, "यात असं काय हाय, की खारं पानी गोड होते?" त्यानं जुना मेंब्रेन चिरून दाखवला. आत कागदावानी पातळ पडदा गुंडाळला होता.

"पंपानं पानी दाबाचं, भाभी. पानी पार जाते, मीठ अलीकडंच राहते. अंड्याच्या टरफलाखाली पापुद्रा असते न, त्याच जातीचं काम. आपल्या अंगातल्या एकएक पेशीले असा पडदा हाय. कोनाले आत घ्याचं, कोनाले नाही म्हनाचं, थे त्याले समजते."

मंग त्याच्या बायकोच्या, सईदाच्या, किडन्या गेल्या. डायलिसिससाठी अकोल्याले न्या लागते. पहिल्या बारीले मी संग होती. मशीनच्या नळकांड्यात केसावानी बारीक नळ्या, त्यातून तिचं रक्त फिरून राहिलं होतं. घाण बाहेर, रक्त परत अंगात. गयासभाऊ पाहतच राहिला. "हाही पडदाच," म्हने.

डॉक्टरनं बजावलं, पानी मोजून द्या. अंगातून निघत नाही, छातीत भरते. पन या मानसाले नाही म्हनाची आदतच नाही. मे महिन्याचं ऊन, अन् सईदा म्हने, "एक कटोरा भरके दो ना जी." त्यानं देल्ला. तिनं अजून मांगतला, त्यानं अजून देल्ला. संध्याकाळी तिचा दम चढला. जीपमंधी घालून अकोल्याले नेली, मरता मरता वाचली.

मी लय तापली. म्हटलं, "तुमाले काही अक्कल हाय का, भाऊ? साऱ्या गावाले पाजता तसं तिले पाजाचं काय?"

थो मान खाली घालून म्हने, "पडद्याले नाही म्हनता येते, भाभी. मले येत नाही."

मले त्याचा राग येत होता अन् कीवही.

तवापासून सईदा त्याच्यापाशी पानी मांगतच नाही. थो घरात असला की तिले जशी तहानच नाही. थो प्लांटवर गेला की भितीवर थाप मारून मले बलावते. मी घोटभर देतो. अजून मांगतलं तं तोंडावर नाही म्हनतो. मले जमते.

काल ओठ पुसून माह्या हाताले धरलं तिनं.

"त्याईले सांगू नको वं, मी मांगतलं म्हून," म्हने. "कटोरा भरून आनतीन."